वाचकांच्या मागणीवरून ई-पुस्तकांची खरेदी : गोव्यातल्या वाचकांचे आणि वाचनालयांचे नेहमीचे प्रश्न

ग्रंथालयाच्या काउंटरवर, वाचनालयांच्या बैठकांत आणि कॉलेजच्या ग्रंथपालांशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही वाचकांसाठी आहेत, काही वाचनालय चालवणाऱ्यांसाठी. वाचकाला निवडू द्यावं, हे आमचं ठाम मत आहे. पण तो ज्या यादीतून निवडतो ती यादी कोण करतं, हे न बघता ही पद्धत सुरू केली तर गोव्यातल्या मराठी वाचकाच्या हाती फारसं काही लागणार नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगायचं आहे.

वाचकांनी ई-पुस्तकं निवडायची म्हणजे नेमकं काय?

नेहमीच्या पद्धतीत निवड समिती आधी पुस्तक घेते आणि मग वाचकाची वाट बघते. इथे क्रम उलटा असतो. पुस्तकाची नोंद कॅटलॉगमध्ये, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तक-सूचीत, आधी येते, पुस्तक मात्र अजून घेतलेलं नसतं. कुणीतरी ते उघडून खरोखर वाचायला लागलं की ग्रंथालयाच्या नावावर खरेदी होते. ग्रंथालयशास्त्रात याला पेट्रन ड्रिव्हन किंवा डिमांड ड्रिव्हन ॲक्विझिशन म्हणतात. आपण ‘मागणीनुसार खरेदी’ म्हणू.

कल्पना नवीन नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २००० साली छापील पुस्तकांच्या बाबतीत हेच सुरू केलं. वाचकाने दुसऱ्या ग्रंथालयातून मागवायला सांगितलेलं पुस्तक उसनं आणण्याऐवजी ते सरळ विकत घेऊ लागले. ई-पुस्तकांमुळे ही गोष्ट काही क्षणांत होऊ लागली, एवढाच फरक.

आमच्या वाचनालयात मागणीची वही आहे. हे तेच ना?

हेतू तोच. फरक असा की वहीत लिहिलेलं नाव समितीपुढे जातं, समिती ठरवते, विक्रेत्याकडे ऑर्डर जाते आणि पुस्तक येईपर्यंत मागणाऱ्याची परीक्षा होऊन गेलेली असते. मागणीनुसार खरेदीत मधली माणसं नसतात, म्हणून तिला वेग आहे. तिचे धोकेही त्यातूनच येतात.

वही मात्र फेकू नका. पुढे दिसेल की गोव्यासाठी तीच जास्त कामाची आहे.

पुस्तक नुसतं उघडलं तर पैसे जातात का?

नाही. समजा वाळपईची एक विद्यार्थिनी रात्री दहा वाजता मोबाइलवर कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये काजू प्रक्रियेवरचं पुस्तक शोधते. तिला नोंद दिसते, ती पुस्तक उघडते, अनुक्रमणिका बघते, दोन पानं चाळते आणि बंद करते. ग्रंथालयाचा एक रुपयाही गेलेला नाही. तिने पुढे वाचत राहायचं ठरवलं की एक हद्द ओलांडली जाते. या हद्दीला ट्रिगर म्हणतात. ईब्ररी या जुन्या सेवेत तो असा होता : दहा पानं बघितली, किंवा दहा मिनिटं पुस्तक उघडं राहिलं, किंवा मजकूर कॉपी वा प्रिंट केला. ईबीएल या दुसऱ्या सेवेत पहिली पाच मिनिटं चाळायला मोकळी होती. पुढे या दोन्ही सेवा प्रोक्वेस्ट या कंपनीने घेतल्या आणि त्यांचं एकच व्यासपीठ, म्हणजे ई-पुस्तकं पुरवणारी ऑनलाइन सेवा, झालं.

वाचणारीला यातलं काहीच कळत नाही. तिला फक्त पुस्तक वाचायला मिळतं. तिच्या दृष्टीने हे चांगलंच आहे, पण हिशेब बघणाऱ्याने ट्रिगर नेमका कुठे बसवलाय हे करारात वाचून घेतलं पाहिजे.

पहिल्याच वाचकाला पुस्तक विकत घ्यायचं? तो एकटाच निघाला तर?

त्यासाठी अल्पकालीन उसनवारीची सोय निघाली. पहिल्या एकदोन वाचकांसाठी पुस्तक एक दिवस किंवा एक आठवडा भाड्याने घ्यायचं, आणि ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त जणांनी मागितलं तरच विकत घ्यायचं. सुरुवातीला हे भाडं किमतीच्या मानाने अगदी थोडं होतं आणि ग्रंथालयांचं त्यात चांगलं भागत होतं. प्रकाशकांचं भागेना. विक्री घटली, भाड्यातून तेवढं येईना, म्हणून २०१४ मध्ये बऱ्याच अभ्यासग्रंथ प्रकाशकांनी भाड्याचे दर झपाट्याने वाढवले. काहींनी नवीन पुस्तकं या सोयीतून काढून घेतली.

यात प्रकाशकाला खलनायक ठरवायचं कारण नाही. तीनचारशे प्रतींची आवृत्ती काढणाऱ्या मराठी प्रकाशकाशी कधी बोललात, तर ग्रंथालयाची हमखास खरेदी त्याला किती आधार देते ते कळेल.

आणखी काही पद्धती आहेत का?

एक महत्त्वाची आहे, पुराव्यावर आधारलेली खरेदी. ग्रंथालय वर्षाच्या सुरुवातीला ठरावीक रक्कम भरतं आणि प्रकाशकाचा मोठा संग्रह वर्षभर सगळ्यांना खुला होतो. वर्ष संपताना कुठलं पुस्तक किती वाचलं गेलं याचे आकडे घेऊन ग्रंथपाल तेवढ्या रकमेची पुस्तकं कायमची निवडतो. खर्च आधीच ठरलेला असतो आणि शेवटचा शब्द माणसाचा असतो, म्हणून सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेला ही पद्धत जास्त सोसवते असं आम्हांला वाटतं. हूप्ला नावाची अमेरिकन सेवा तिसऱ्याच वाटेने जाते. तिच्या मूळ पद्धतीत विकत काहीच घ्यायचं नसतं, वाचकाने पुस्तक घेतलं की त्या वेळेपुरते पैसे.

वाचक काहीही मागतील. ग्रंथालयाचा दर्जा राहील का?

हा प्रश्न समितीतली वडीलधारी मंडळी विचारतात आणि तो मनापासून असतो. आधी तज्ज्ञांनी निवडलेल्या पुस्तकांचं काय होतं ते बघू. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळजवळ ४० टक्के पुस्तकं पुढच्या सहा वर्षांत एकदाही घरी नेली गेली नव्हती. निवडणारे विद्वान होते, पुस्तकंही चांगली होती, पण ती मागणारा कुणी नव्हता. आपल्याकडच्या बंद काचेच्या कपाटांतही असे संच आहेत. पावसाळ्यात त्यांना बुरशी येते, मग कसर लागते आणि एक दिवस ते रद्दीत जातात.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं पहिलं, पुस्तकं उपयोगासाठी आहेत. दुसरं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. मागणीनुसार खरेदी पहिली दोन सूत्रं पाळते. तिसरं ती पाळत नाही, कारण ज्या पुस्तकाचं नावच वाचकाने ऐकलेलं नाही ते तो मागणार कसा? तिथे ग्रंथपाल लागतो. म्हणून सगळा पैसा मागणीवर सोडू नये. अर्ध्याहून कमी भाग मागणीसाठी ठेवून सुरुवात करावी, वर्षभर बघावं आणि मग प्रमाण ठरवावं.

राहिला ‘काहीही’चा प्रश्न. विक्रेत्याच्या यादीतलं काय आपल्या कॅटलॉगमध्ये दाखवायचं हे ग्रंथालयच ठरवतं. विषय, भाषा, प्रकाशनवर्ष, कमाल किंमत असे निकष लावून नको ते आधीच गाळता येतं. वाचक निवडतो, पण ग्रंथपालाने आखलेल्या आवारात.

त्या यादीत मराठी पुस्तकं असतात का?

फार थोडी. आमची सगळ्यात मोठी काळजी हीच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मागणीनुसार खरेदीची व्यासपीठं परदेशी विद्यापीठांच्या गरजेतून उभी राहिली. त्यांच्या यादीत इंग्रजी अभ्यासग्रंथ लाखोंनी आहेत आणि मराठी शोधावं लागतं. आता ही पद्धत जशीच्या तशी गोव्यात आणली तर काय होईल? वाचक जे दिसतं त्यातून निवडतील, खरेदी इंग्रजीची होईल, वर्षअखेरीचा अहवाल सांगेल की मराठीला मागणी नाही, आणि पुढच्या वर्षी मराठीची तरतूद कमी होईल. मागणी होती, ती नोंदवायला जागाच नव्हती, हे अहवालात कुठेच दिसणार नाही.

मागणी किती आहे ते जत्रेच्या आधी बघा. फोंड्यापासून काणकोणपर्यंत गावागावांत देवळाच्या उत्सवाला मराठी नाटक बसतं. दोन महिने आधी मंडळाची माणसं संहिता शोधत वाचनालयात येतात. कमी स्त्रीपात्रांचं आहे का, तीन अंकांचं आहे का, संगीत नाटक आहे का? जीर्ण झालेली एखादी प्रत सापडते आणि तिच्या झेरॉक्स निघतात. त्याशिवाय खाजन शेती, कोमुनिदादींचे व्यवहार, कूळ-मुंडकार कायदा, रणमाले, धालो, देवस्थानांचा इतिहास अशा विषयांवर मराठीत वाचायला मागणारे लोक आहेत. यातलं बरंचसं लेखकांनी स्वतःच्या खर्चाने छापलं आणि ते एका आवृत्तीतच संपलं. कुठल्याही आंतरराष्ट्रीय यादीत ते येणार नाही.

उपाय दोन. खरेदीच्या रकमेतला मराठीचा वाटा आधीच बाजूला काढून ठेवायचा. आणि त्या वाट्यासाठी आपोआप होणारी खरेदी न ठेवता वाचकाची लेखी मागणी घ्यायची. मागणी आली की ग्रंथपाल प्रकाशकाला विचारेल, ई-आवृत्ती आहे का, ग्रंथालयाला देता का, नसेल तर काढता का? एका पुस्तकासाठी पाच वाचनालयांनी मिळून विचारलं तर प्रकाशक ऐकतो.

मराठी ई-पुस्तकं ॲपवर तर भरपूर दिसतात. ती घेऊन वाचकांना का देत नाही?

किंडलवर २०१६ च्या डिसेंबरपासून मराठी पुस्तकं मिळतात. बुकगंगासारख्या मराठी ठिकाणीही ई-पुस्तकं आहेत. पण ती विक्री एका व्यक्तीसाठी असते. वाचनालयाने एक खातं काढायचं, पुस्तकं घ्यायची आणि पासवर्ड सभासदांना वाटायचा, हे अटींत बसत नाही. ग्रंथालयासाठीचा परवाना वेगळा असतो आणि तो मागून घ्यावा लागतो. मराठी प्रकाशकांपैकी अनेकांनी असा परवाना कधी दिलेलाच नाही, कारण त्यांच्याकडे तो कुणी मागितला नाही.

आणि वॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफ?

त्या घेऊ नका, पुढे पाठवू नका. हयात लेखकाचं पुस्तक असं फिरलं की त्याची पुढची आवृत्ती निघत नाही.

विकत घेतलेलं ई-पुस्तक ग्रंथालयाचं कायमचं होतं का?

प्रत्येक वेळी नाही. छापील पुस्तक घेतलं की ते आपलं. उसनं द्या, शिवून घ्या, दुसऱ्या वाचनालयाला भेट द्या. ई-पुस्तकाचा आपण परवाना घेतो आणि त्याच्या अटी विकणारा ठरवतो. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशकाने अमेरिकेत ठरवलं की ग्रंथालयाच्या ई-पुस्तकाची २६ वेळा देवघेव झाली की परवाना संपला, पुन्हा घ्या. मॅकमिलन या दुसऱ्या प्रकाशकाने नोव्हेंबर २०१९ पासून नव्या पुस्तकाची पहिले आठ आठवडे प्रत्येक ग्रंथालय-यंत्रणेला एकच ई-प्रत देण्याचा नियम केला. अनेक ग्रंथालयांनी बहिष्कार टाकला आणि मार्च २०२० मध्ये नियम मागे घ्यावा लागला. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रोक्वेस्टची मालक कंपनी क्लॅरिव्हेट हिने एकदाच पैसे भरून कायमची खरेदी बंद करून वर्गणीच ठेवणार असल्याचं जाहीर केलं. जगभरच्या ग्रंथपालांनी आवाज उठवल्यावर मुदत वाढवून मिळाली.

गोव्यातल्या वाचनालयाने यातून घ्यायचं ते एवढंच : स्थानिक इतिहास, संदर्भग्रंथ, गोव्याचं साहित्य यांची छापील प्रत मिळत असेल तर ती आधी घ्या. ई-प्रत जोडीला असू दे.

एका वेळी किती जणांना वाचता येतं?

परवान्यावर अवलंबून. एकट्यासाठीचा स्वस्त, तिघांसाठीचा महाग, अमर्याद सगळ्यात महाग. ईबीएलची एक निराळी रीत होती : वर्षाला ३२५ दिवसांचं वाचन, ते एका वेळी कितीही जणांनी वापरावं. परीक्षेच्या आठवड्यात चाळीस मुलांना एकच पाठ्यपुस्तक हवं असतं, तिथे एकट्यासाठीचा परवाना निरुपयोगी.

गावातल्या लहान वाचनालयाने काय करावं?

परदेशी व्यासपीठाच्या मागे लागू नये. तेवढा पैसा नाही आणि गरजही नाही. मागणीची वही नीट चालवा : तारीख, पुस्तक, कशासाठी हवं, छापील की ई. दर महिन्याला ती नावं जवळच्या मोठ्या ग्रंथालयाला कळवा. पणजीतल्या पाट्टोवर असलेलं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ साली स्थापन झालं, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते. राज्यभरच्या वह्या एकत्र येऊ शकतील तर अशाच ठिकाणी. एकेकट्या वाचनालयाने परवाना घेण्यापेक्षा सगळ्यांसाठी मिळून एक घेणं केव्हाही परवडतं.

पोर्तुगालात १९१० साली प्रजासत्ताक आल्यानंतर इथल्या मराठी शाळांना आणि वाचनालयांना मोकळा श्वास घेता आला. वर्गणी काढून, मुंबई-पुण्याहून पुस्तकं मागवून लोकांनी ती वाढवली. काय मागवायचं ते वर्गणीदारच ठरवत. वाचकाने निवडायचं ही गोष्ट गोव्याला बाहेरून शिकायची नाही.

पैसे न भरता काय मिळतं?

पुष्कळ, आणि मागणी नोंदवण्याआधी हे बघितलंच पाहिजे. आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय सगळ्यांना खुलं आहे. कॉलेजचे विद्यार्थी असाल तर इन्फ्लिबनेट या केंद्रीय संस्थेच्या एन-लिस्ट योजनेत तुमचं कॉलेज आहे का ते ग्रंथपालांना विचारा, तिथे लाखाहून जास्त ई-पुस्तकं आहेत. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, मराठी विकिस्रोतावर जुनं साहित्य आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखन कॉपीराइटमधून मुक्त होतं, त्यामुळे १९६४ साली किंवा त्याआधी वारलेल्या लेखकांचं त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०२५ च्या सुरुवातीपासून मोकळं आहे. अशा पुस्तकाला परवान्याचे पैसे देऊ नयेत.

ज्यांना छापील वाचता येत नाही, दृष्टीमुळे किंवा दुसऱ्या अपंगत्वामुळे, त्यांच्यासाठी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून आहे. त्यांना वाचता येईल अशी सुगम प्रत करायला कायद्याची परवानगी आहे. हे आपल्या वाचनालयातल्या प्रत्येक सभासदाला सांगा.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आलं ना? मग हे सगळं कशाला?

केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली ती योजना संशोधन नियतकालिकांसाठी आहे, सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांपुरती. ई-पुस्तकं आणि गावची वाचनालयं तिच्यात येत नाहीत.

मराठी ई-पुस्तक घेताना काय तपासावं?

पुस्तक उघडा आणि शोधाच्या चौकटीत मजकुरातलाच एखादा शब्द टाका, उदाहरणार्थ ‘खाजन’. तो शब्द डोळ्यांसमोर पानावर दिसतोय आणि शोध म्हणतोय काही सापडलं नाही, तर पुस्तक जुन्या, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये केलेलं आहे किंवा नुसतं स्कॅन आहे. त्यातला मजकूर कॉपी केलात तर भलतीच अक्षरं उमटतात. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यापुढे गप्प बसतं, म्हणजे अंध वाचक बाद. मोबाइलवर अक्षर मोठं केलं की पान बाजूला सरकतं. अशा फाइलला पूर्ण किंमत देऊ नका, युनिकोडमधली ईपब, म्हणजे ई-पुस्तकांसाठीच्या खास प्रकारची फाइल, मागा. प्रकाशकाकडे मूळ मजकूर असतो, रूपांतर करून घेणं अशक्य नसतं.

ऑडिटला हे कसं दाखवायचं?

आपोआप झालेल्या खरेदीला समितीची आधीची मंजुरी नसते, इथे लेखापरीक्षक अडतात. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला ठराव घ्या : एकूण रक्कम, एका पुस्तकाची कमाल किंमत, विषय, ट्रिगर. त्या चौकटीतली प्रत्येक खरेदी ठरावानेच झालेली ठरते. रक्कम संपत आली की नोंदी कॅटलॉगमधून काढण्याची सोय करारात असायला हवी. मार्चपर्यंत थांबू नका. ३१ मार्चच्या आधी घाईने केलेली खरेदी वाचकासाठी नसते, अनुदान परत जाऊ नये म्हणून असते. जीएसटीही धरा. छापील पुस्तकावर तो नाही, पण छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावर २०१८ पासून ५ टक्के लागतो.

मी काय वाचतो ते कुणाला कळतं का?

व्यासपीठाला कळतं : कुठलं पुस्तक, किती पानं, किती वेळ. ग्रंथालयाने फक्त बेरजा घ्याव्यात, नावं घेऊ नयेत आणि तसं करारात लिहून घ्यावं. कुणी आजाराबद्दल वाचत असेल, कुणी घटस्फोटाच्या कायद्याबद्दल. गाव लहान असतं.

स्मार्टफोन नसलेल्यांचं काय?

त्यांच्यासाठी छापील पुस्तकं राहणारच. ई-पुस्तकांसाठी छापील खरेदी कापणाऱ्या प्रस्तावाला आमचा विरोध आहे. शिवाय वाचनालयात एक टॅब ठेवून तिथेच बसून वाचता येईल अशी सोय करावी. सांगे-केप्यातल्या ज्या वाड्यांवर रेंज नाही तिथल्या वाचकासाठी पुस्तक डाउनलोड करून ठेवता येतं की नाही, हेही परवाना घेतानाच विचारावं.

मागणी कशी लिहावी म्हणजे ती मंजूर होईल?

पुस्तकाचं पूर्ण नाव, लेखक, प्रकाशक आणि शक्य असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक. ई-आवृत्ती कुठे दिसली असेल तर तेही. कशासाठी हवं ते एका ओळीत लिहा : प्रबंध, नाटक, शेती, स्पर्धा परीक्षा, किंवा नुसतं वाचायला. ‘नुसतं वाचायला’ हे कारण पूर्ण आहे, ते लिहायला संकोचू नका. कधीपर्यंत हवं ते लिहा. तेच पुस्तक तुमच्या ओळखीच्या आणखी कुणाला हवं असेल तर त्यांनाही स्वतंत्र मागणी द्यायला सांगा, एका कागदावर पाच सह्या करू नका. पाच मागण्या पाच म्हणूनच मोजल्या जातात.

मागणी नाकारली तर?

कारण लेखी मागा. ई-आवृत्ती नाही, ग्रंथालयाचा परवाना मिळत नाही, किंमत मर्यादेबाहेर आहे, यांपैकी काही असेल तर छापील प्रतीसाठी तीच मागणी वहीत नोंदवून घ्या. ‘मराठीसाठी तरतूद नाही’ असं उत्तर आलं तर ते तसंच लिहून घ्या आणि वाचनालयाच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत वाचून दाखवा.